आबांची रीत, आमची दमछाक

दारात माणूस उभा राहिला की आमच्या घरात ‘कोण पाहिजे?’ असं कुणी विचारत नाही. आधी तांब्या जातो. तांब्यावर पालथं फुलपात्र, आणि सोबत बशीत गुळाचा खडा. आलेला माणूस शेजारच्यांचा पत्ता विचारायला आला असेल, वर्गणी मागायला आला असेल किंवा आमच्याच नावाची नोटीस घेऊन आला असेल. पाणी आधी, चौकशी नंतर.

ही रीत आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. आबांनी मागं जमीनजुमला काही ठेवला नाही. ठेवली ती एवढी रीत. जमीन असती तर वाटणी तरी झाली असती, एखाद्या चुलत्यानं कोर्टात जाऊन स्थगिती आणली असती. रीतीची वाटणी होत नाही. ती प्रत्येक वारसाला अख्खीच्या अख्खी मिळते आणि नाकारायची सोय नसते.

गुळाच्या खड्यालाही माप आहे. तो सुपारीएवढा हवा. त्याहून मोठा दिला तर पाहुण्याचं तोंड भरतं आणि त्याला ‘बरं हाय का?’ला उत्तर देता येत नाही. लहान दिला तर बशी पुसून आणल्यासारखी दिसते. गूळ गडद, जरा तपकिरीकडं झुकणारा घ्यायचा. पिवळाजर्द, चकाकणारी ढेप दिसली की आबा दुकानदाराकडं असं बघायचे, की तो आपणहून आतली दुसरी ढेप काढायचा. उसाचा रस उकळताना त्यातली मळी काढायला रानभेंडीचा चिकट रस घालतात. तेवढ्यावर गूळ सोन्यासारखा पिवळा होत नाही, त्यासाठी रासायनिक पावडर लागते, हे त्यांना गुऱ्हाळावर बसून बसून ठाऊक होतं. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरात त्याला मान त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

पाण्यानंतर चहा. ‘चहा घेणार का?’ हा प्रश्न आमच्याकडं बंद आहे. आबांचं म्हणणं असं, की विचारलं की माणूस ‘नको’ म्हणतो, आणि ते ‘नको’ त्याचं नसून त्याच्या आईनं लहानपणी शिकवलेलं असतं. म्हणून विचारायचं नाही, आधण ठेवायचं. काकू आतूनच ओरडते, ‘‘मी ठेवलोय हो चहा, उठू नका!’’ पाहुणा उठलेलाच नसतो. पण आता त्याला उठताही येत नाही.

आलेल्या माणसांपेक्षा एक कप जादा टाकायचा, हाही नियम. चौघे आले तर पाच कपांचा चहा: तीन कप पाणी, सव्वादोन कप म्हशीचं दूध, आणि आटायला थोडी जागा. जादाचा कप कुणासाठी, हे आधी ठरलेलं नसतं. चहा कपात ओतेपर्यंत कुणीतरी येतंच. नाही आलं तर तो घरातल्या सर्वांत लहान माणसाला प्यावा लागतो. या एका नियमामुळं आमच्या घरात पित्ताच्या गोळ्या कायम असतात.

हल्ली पाहुण्यांना गुळाचा चहा हवा असतो आणि तो फुटतो. का फुटतो, हे नीट समजून घ्या, कारण पाहुण्यांसमोर फाटलेला चहा आणणं ही आमच्याकडं अब्रूची बाब आहे. गुळात थोडा आंबटपणा असतो. जुना, पावसाळ्यात पाझरलेला गूळ असेल तर जास्तच. असा गूळ घालून दूध खळाखळा उकळलं, की ते नासतं. तेव्हा पाणी, चहापूड, आलं आणि गूळ आधी उकळून घ्यायचं. दूध दुसऱ्या भांड्यात वेगळं तापवायचं. गॅस बंद केल्यावर चहा गाळायचा आणि मग त्यात गरम दूध ओतायचं. त्यानंतर पुन्हा उकळी आणायची नाही. पाहुणा म्हणाला, ‘‘जरा गार झाला वाटतं,’’ तरी नाही. त्याला नवा करून द्या.

आता कपांविषयी. आमच्याकडं पाहुण्यांचे कप वेगळे आणि कामवाल्यांचे वेगळे असा प्रकार नाही. पोस्टमन, कचरागाडीवरचा माणूस, नळ दुरुस्त करणारा, सगळ्यांना त्याच कपात आणि त्याच खुर्चीवर. आबांनी याचं भाषण कधी केलं नाही. ते फक्त गंगाराम कांबळेंच्या हॉटेलची गोष्ट सांगायचे, जी त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितली होती. गंगाराम कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते. पाण्याला शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामांना भांडवल देऊन शहरात चहाचं हॉटेल काढून दिलं. नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा मागवायचे आणि बरोबरच्या लोकांनाही पाजायचे. महाराजांनी दिलेला चहा नाकारणार कोण? आबा गोष्ट इथंच संपवून कप पुढं करायचे. तात्पर्य कपातच असायचं.

या उदार परंपरेपायी खरे हाल आता डिलिव्हरीवाल्या पोरांचे होतात. पोरगा दारात ‘‘ओटीपी सांगा’’ म्हणतो, आई ‘‘पाणी घे’’ म्हणते. त्याच्या मोबाइलवर घड्याळ पळत असतं, हिच्या गॅसवर आधण. तो ‘‘मावशी, उशीर होतोय’’ म्हणाला की तिला ते मघाच्या शिकवलेल्या ‘नको’सारखंच वाटतं. यावर घरात चर्चा होऊन तोडगा निघाला: मार्च ते मे दाराशी माठ ठेवायचा, माठाला ओलं फडकं गुंडाळायचं, साखळीनं न बांधलेला पेला ठेवायचा (साखळी आबांना अपमानाची वाटायची) आणि गुळाची बरणी. फडकं दिवसातून तीनदा भिजवायचं, नाहीतर माठाचं पाणी हवं तेवढं गार होत नाही; बाहेरची ओल वाळतानाच आतलं पाणी थंड होत असतं. ज्याला वेळ नाही त्यानं घोटभर घेऊन जावं. मुंग्या मात्र वेळ काढून येतात. त्यांच्यासाठी बरणी पाणी भरलेल्या ताटलीत ठेवावी लागते.

कोल्हापुरात घर असणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. अंबाबाईच्या दर्शनरांगेचं शेवटचं टोक आपल्या स्वयंपाकघरात येतं. नवरात्रात येणारे वेगळे, चैत्रात जोतिबाच्या यात्रेहून गुलालात न्हाऊन परत येणारे वेगळे. सर्वांत अवघड पाहुणे किरणोत्सवाचे. मावळतीचे किरण गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात, नोव्हेंबरच्या 9, 10 आणि 11 तारखेला, आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या सुरुवातीला. पहिल्या दिवशी किरण पायांशी, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. म्हणजे पाहुणा तिसऱ्या दिवसाआधी हलत नाही. ढग आले तर पाहुणा आणि यजमान दोघंही आभाळाकडं बघतात. देव एकच, पण मागणं वेगवेगळं.

येणाऱ्यांसाठी आबांची एक वही होती. तीत कुणाचा कोणता वार, कुणाची चतुर्थी, कुणाला वशाट, म्हणजे मटण-मासे, चालतं पण मुलासमोर नाही, कुणाला गुडघ्यामुळं पाटावर बसवायचं नाही, अशा नोंदी. ‘‘इस्लामपूरचे मामा: सोमवार पाळतात. पांढराच रस्सा. दोनदा नको म्हणतात.’’ ही वही आता मोबाइलवर सगळ्या चुलतभावंडांच्या ग्रुपमध्ये आहे. त्यात साखरेची आणि रक्तदाबाची माहितीही भरली जाते, त्यामुळं नातेवाइकांच्या तब्येतीची इतकी अद्ययावत यादी त्यांच्या डॉक्टरांकडंही नसेल.

मटणाचा बेत असेल तर खरी परीक्षा. एक किलो मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून सुमारे अडीच लिटर पाण्यात मंद शिजवायचं. यातून निघते ती अळणी, आणि तिची पहिली वाटी घरातल्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना. पाहुण्यांच्याही आधी. याबाबतीत आबा कडक होते. उरलेल्या अळणीचे दोन भाग. एकातून तांबडा: भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ आणि घरची कांदा-लसूण चटणी. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. नुसती ब्याडगी घातली तर रस्सा फोटोत चांगला येतो, एवढंच. दुसऱ्यातून पांढरा: भिजवलेल्या खसखस, पांढरे तीळ आणि काजूचं वाटण, तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी, आणि शेवटी एका नारळाचं दाट दूध.

इथं घोटाळा होतो. नारळाचं दूध घातल्यावर पांढऱ्याला उकळी आली की तो फुटतो. वर तेल, खाली चोथा. म्हणून आच मंद, डाव सतत फिरता, आणि कडेला बुडबुडे दिसायला लागले की खाली. एवढं सांभाळलं तरी ‘‘आम्ही वाटेत आहोत, दहा मिनिटांत पोचतो’’ असं कराडच्याही अलीकडून सांगणारे पाहुणे असतात. तेव्हा पांढरा पुन्हा गॅसवर ठेवायचा नाही. मोठ्या परातीत कढत पाणी घालून त्यात पातेलं बसवायचं, पाणी निवलं की बदलायचं. आणि दोन माणसं जादा आली तर वाढवायचा तो तांबडा, पांढरा नव्हे. तांबड्यात कढत पाणी आणि अर्धा चमचा चटणी खपून जाते. गार पाणी ओतलं तर मात्र वरचा कट विरतो आणि चव पाण्याच्या बाजूला जाते. पांढरा वाढवायला गेलं की तो खिरीसारखा लागतो आणि खिरीत मटण कुणाला आवडत नाही.

आग्रहाचं शास्त्र आबांचं स्वतःचं. पहिलं ‘नको’ शिकवणुकीचं, दुसरं शंकेचं, तिसरं पोटाचं. तिसऱ्या ‘नको’नंतर वाढणाऱ्यानं डाव मागं घ्यायचा; चौथ्यांदा वाढणं हा आग्रह नव्हे, मारामारी. आता अडचण अशी, की वाढणारे तिघं असतात. एकाला पहिलं ‘नको’ मिळतं, दुसऱ्याला पहिलं मिळतं, तिसऱ्यालाही पहिलंच मिळतं. पाहुण्याचं मात्र तिसरं होऊन गेलेलं असतं. म्हणून रस्सा, भाकरी आणि भात यांचे वाढपी वेगळे असले तरी ‘नको’चा हिशोब एकानंच ठेवावा. आमच्याकडं तो मान आत्याचा. ती कोपऱ्यातून बोटं दाखवते. क्रिकेटच्या पंचाला एवढं अवधान नसेल.

पालथा हात ताटावर धरणाऱ्यासाठीही रीत आहे: हाताच्या बाजूनं वाढायचं नाही, वाटीत वाढायचं. ताट झाकणारा माणूस वाटी विसरतो. हे आबांनी शिकवलं नाही, आम्ही शोधलं. त्यांना आवडलं नसतं, असं मला वाटतं.

यजमानाचा जाच वेगळाच. पंगतीत सर्वांत सावकाश जेवणाऱ्याचं होईपर्यंत घरच्या माणसानं उठायचं नाही. तो एकटा राहिला की त्याला घाई होते आणि घाईत माणूस अर्धपोटी उठतो. आबा त्यासाठी स्वतः मुद्दाम रेंगाळत जेवायचे. आता एखादा पाहुणा नळीतला गर काढायला बसला की त्याचं चालू असेपर्यंत आमचा खरकटा हात वाळून पापुद्रा धरतो. यावर उपाय एकच. स्वतःच्या ताटात सुरुवातीला भात कमी घ्यायचा आणि शेवटी मूठभर भात नि ताक राखून ठेवायचं. ते घासाघासानं अर्धा तास पुरतं.

पुराच्या वर्षी हा सगळा खेळ मोठ्या मापानं होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 ला धोका. आमच्या घरात 39 लाच माळ्यावरची अंथरुणं खाली येतात. चिखली, आंबेवाडीकडची नातीगोती आधी जनावरं हलवतात आणि मग आपण येतात. पाण्यात घर गेलेल्या माणसाला विचारायचं नाही असं आबांनी एक वाक्य ठरवून दिलेलं: ‘किती दिवस?’ 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हाही ते वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही. विचारायचं ते एवढंच: औषधं आणलीत का, चष्मा आहे का, जनावरं कुठं बांधली. तांदूळ माणशी शंभर ग्रॅम धरायचा, आणि पूरग्रस्त घरातला पोरगा पंधरा वर्षांचा असेल तर दोनशे. ओल्या दिवसांत कोरडे टॉवेल कमी पडतात, भात नव्हे. तेव्हा जुन्या धोतरांचे तुकडे करून ठेवलेले बरे. धोतर नेसणारे गेले तरी आमच्याकडं धोतरं आहेत ती यासाठी.

इतकं सगळं सोपं म्हणावं असा प्रकार पाहुणा निघताना होतो.

‘‘निघतो आता’’ हे वाक्य कोल्हापुरात निघण्याची सूचना नसते, निघण्याच्या कार्यक्रमाचं उद्‌घाटन असतं. त्यावर घरातून ‘‘बसा की, काय घाई हाय?’’ असं उत्तर जातं आणि निघतानाचा चहा टाकला जातो. तो पिऊन माणसं उभी राहतात. जी बातमी तीन दिवस बसून कुणी काढली नाही, ती उभ्यानं निघते: कुणाचं लग्न जमलं, कुणी जमीन विकली. उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं नाही म्हणून सगळे दोन पावलं बाहेर येतात, आणि बाहेर आल्यावर निवांत बोलता येतं. बायकांना हळदीकुंकू राहिलेलं असतं. ओटीला नारळ नसतो. कुणीतरी दुकानात पळतं.

याच वेळी घरातल्या एकानं चपलांपाशी जायचं असतं. पाहुण्यांच्या चपला बाहेरच्या दिशेला तोंड करून, जोडीनं लावायच्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला गोल फिरून पाय घालावा लागत नाही. पाऊस असेल तर त्या आल्या आल्याच आत घेऊन, वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवलेल्या हव्यात. कोल्हापुरी चप्पल बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेल्या कातड्याची; ती उन्हात वाळवली की कडक होऊन तडकते, ओली राहिली की बुरशी धरते. पाहुण्यांनी चप्पल लाइनीतून, म्हणजे चपलांच्या बाजारातून, नवी घेतली असेल तर ती पायात घालून लगेच प्रवासाला निघू नका म्हणावं. चपलेचा अंगठा आणि कान (बाजूच्या पाळ्या) यांच्या आतल्या बाजूला खोबरेल चोळून दोनतीन रात्री ठेवायची आणि घरातल्या घरात वापरायची, मग ती चावत नाही. आणि घरात कार्य असेल तर यजमानांनी त्या दिवशी जुने रबरी स्लीपरच घालावेत. चाळीस कोल्हापुरींच्या ढिगात एक जोड कुणाच्या तरी पायात चुकून जातोच, आणि शेवटी अनवाणी राहिलेल्या पाहुण्याला आपल्या पायातला काढून द्यायचा, ही रीत आहे. आबांच्या पायात कुठल्याही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवी चप्पल दिसायची, ती हौसेनं घेतलेली नसायची.

लहान मुलांच्या हातावर नोट ठेवायची ती गाडी सुरू झाल्यावर. आधी ठेवली तर मुलाची आई ‘‘नको नको, कशाला?’’ म्हणत परत देते, आपण पुन्हा ठेवतो, ती पुन्हा देते, आणि या ओढाताणीत नोट फाटते. नोटेची घडी करून खिशात घालायची, शर्टाच्या. पँटीचा खिसा बहुधा फाटका असतो.

आता गाडी. पेठेतल्या बोळात गाडी मागं घेणं हा सार्वजनिक उत्सव आहे. आबांची शिकवण, की पाहुण्याची गाडी रस्त्याला लागेपर्यंत घरच्या माणसानं वाट दाखवायची. त्यामुळं आम्ही पाचसहा जण गाडीच्या मागं उभे राहून ‘‘येऊ द्या, येऊ द्या’’ करतो. ‘‘बास!’’ हा शब्द बहुधा आवाज झाल्यावर येतो. खरं तर एकानंच उभं राहावं, तेही गाडीच्या मागं नव्हे तर ड्रायव्हरच्या बाजूला, त्याच्या आरशात आपलं तोंड दिसेल असं. आपल्याला आरशात त्याचं तोंड दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही. हातानं अंतर दाखवायचं, तोंडानं नाही. काचा बंद असतात आणि आत एसी लावलेला असतो. बाकीच्यांनी गल्लीच्या तोंडाशी जाऊन म्हशी थांबवाव्यात.

एसटीनं जाणाऱ्याला स्टँडवर पोचवायला जावं लागतं, आणि तिथली रीत खास बारकाव्याची. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं हे कुणालाही येतं. आबा आधी उन्हाचा हिशोब करायचे. पुण्याची गाडी उत्तरेला जाते, सकाळी ऊन उजवीकडून येतं. तेव्हा सकाळच्या गाडीत पाहुण्याला दाराच्या, म्हणजे डाव्या बाजूला बसवायचं आणि दुपारच्या गाडीत उजव्या. रत्नागिरीकडं पश्चिमेला जाताना थंडीच्या दिवसांत दुपारचं ऊन डावीकडून लागतं, तर उजवी बाजू धरायची. सोलापूरला जाताना याच्या उलट. ज्याला गाडी लागते त्याला मागच्या चाकांच्या पुढं बसवायचं, कारण मागची बाकडी सर्वांत जास्त हलतात. आणि गगनबावड्याच्या घाटानं कोकणात उतरणाऱ्याला सकाळी पांढरा रस्सा देऊ नये. कितीही आग्रह मनात असला तरी नाही. पोहे द्या, आवळासुपारी द्या, खिशात कागदी पिशवी द्या.

सोबत द्यायच्या वस्तूंचं वजन पाहुण्याच्या बॅगेपेक्षा थोडंसंच जास्त असतं. काकवीची बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही. उन्हात ती आंबू लागली की आत वायू होतो आणि टोपण उडतं. चार बोटं जागा सोडायची. कांदा-लसूण चटणीचा डबा तीनचतुर्थांशच भरायचा. वरचं तेल झाकणाच्या आट्यातून बाहेर चढतं, म्हणून झाकणाखाली प्लास्टिकचा कागद, वरून सुती फडकं बांधून उभा ठेवायचा, आणि कपड्यांच्या पिशवीत कधीच नाही. हळदीचा डाग उन्हात विटून जातो. चटणीच्या तेलाचा डाग लागला तर पाणी लावण्याआधी कोरड्यावर साबण चोळावा.

राहता राहिला डबा. रिकामा डबा परत करायचा नाही, हा बहुतेक मराठी घरांत पाळला जाणारा नियम आबांनी दोन्ही बाजूंनी लावला, आणि तिथं गणित बिघडलं. आम्ही चटणी दिली, त्यांनी डब्यातून चकल्या पाठवल्या. आता डबा आमचाच आहे, पण चकल्या त्यांच्या, तेव्हा त्यांच्या चकल्यांच्या उत्तरादाखल काहीतरी पाठवायला डबा पुन्हा लागतो. अशा तऱ्हेनं आबांचं नाव कोरलेला एक पितळी झाकणाचा डबा सांगली आणि कोल्हापूर यांच्यामध्ये चालूच आहे. दोन्ही घरांना तो बंद करायचा आहे. पण शेवटचा डबा कुणी रिकामा ठेवायचा, यावर एकमत होत नाही. ज्यांना नव्यानं ही रीत सुरू करायची असेल त्यांनी आइस्क्रीमचे डबे वापरावेत. त्यांना परत मागायचा कुणाला हक्क वाटत नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं आणि मग घरी येऊन पाहुण्यांच्या खोलीत एक फेरी मारायची. काहीतरी राहिलेलं असतंच: चार्जर, कंगवा, कवळीची डबी. ‘‘पोचल्यावर फोन करा’’ असं सांगितलेलं असतं. पण राहिलेल्या वस्तूसाठी आपण आधीच फोन करायचा नाही, नाहीतर कवळी राहिली असेल तर माणूस कराडवरून परत फिरतो, आणि परत फिरलेल्या माणसाला पुन्हा पाणी, गूळ, चहा आणि जेवण. वस्तू दुसऱ्या दिवशी पार्सलनं पाठवायची. नुसता चार्जर पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून त्याच्याबरोबर गुळाची ढेप जाते. त्यांच्याकडून उलट पार्सल येतं; त्यात भडंग असतं आणि वर एक चिठ्ठी, की चार्जर आमचा नव्हे, तुमच्याच धाकट्याचा आहे, पण असू दे.